थोरले प्लिनी आणि समोरचा डोंगर



पावागडच्या सहलीला आपल्यापैकी बहुतेक जण एकदा तरी गेलेले आहेत. चढताना दम लागला की आपण एखाद्या काळ्या खडकावर टेकतो, डबा उघडतो, गप्पा मारतो आणि पुन्हा चालू लागतो. ज्या खडकावर आपण बसलो तो एके काळी धगधगता, वितळलेला रस होता, हे त्या वेळी कुणाच्या मनातही येत नाही. रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीकडे नेमके आपले लक्ष नसते. हे फक्त आपल्यासारख्या सामान्य माणसांचेच होते असे नाही. जगातल्या जळत्या डोंगरांची यादी करणाऱ्या एका थोर विद्वानाकडून आपल्या घरासमोरचा डोंगरच त्या यादीत लिहायचा राहिला, आणि पुढे त्याच डोंगराच्या स्फोटात त्यांचा अंत झाला. त्यांचे नाव प्लिनी. या अंकात आपण त्यांची ओळख करून घेऊ.

त्यांचे पूर्ण नाव गायस प्लिनियस सेकुंडस. त्यांच्या भाच्याचे नावही प्लिनीच. तोही पुढे मोठा लेखक झाला, म्हणून मामांना थोरले प्लिनी आणि भाच्याला धाकटा प्लिनी असे म्हणतात. थोरल्या प्लिनींचा जन्म इ.स. २३ च्या सुमारास उत्तर इटलीत, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी एका मोठ्या सरोवराकाठी वसलेल्या कोमो या गावी झाला. घराणे सुखवस्तू होते. तरुणपणी ते रोमन सैन्यात घोडदळाचे अधिकारी झाले आणि अनेक वर्षे जर्मनीच्या सरहद्दीवर राहिले. छावणीतले आयुष्य धकाधकीचे असते, पण त्यांनी तिथेही लेखणी सोडली नाही. घोड्यावरून भाला कसा फेकावा, यावर त्यांनी एक पुस्तक लिहिले. जर्मनांशी झालेल्या युद्धांचा इतिहास तर वीस भागांत लिहून काढला.

पुढे नीरो हा जुलमी सम्राट गादीवर होता. त्या दिवसांत मोकळेपणाने काही लिहिणे जिवावर बेतले असते. प्लिनींनी शहाणपणाने व्याकरणाचा विषय हाती घेतला. इ.स. ६९ मध्ये व्हेस्पेशियन सम्राट झाला, तेव्हा त्यांचे दिवस पालटले. स्पेनमध्ये त्यांना कारभारी म्हणून नेमले गेले आणि शेवटी नेपल्सच्या आखातातील मिसेनम बंदरात रोमन आरमाराचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले.

एवढी जबाबदारीची कामे सांभाळून त्यांनी ग्रंथ लिहिले तरी केव्हा, असा प्रश्न कुणालाही पडेल. पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी, दोघांनीही वाचावी अशी त्यांची दिनचर्या भाच्याने लिहून ठेवली आहे. प्लिनी पहाटे, अंधार असतानाच, सम्राटाच्या भेटीला जात. सम्राटही पहाटेच कामाला बसणारा होता. तिथून नेमून दिलेले काम करावे आणि घरी येताच अभ्यासाला लागावे, असा त्यांचा क्रम होता. जेवताना कुणीतरी पुस्तक वाचून दाखवी आणि ते टिपणे काढून घेत. स्नानानंतर अंग पुसले जात असतानाही वाचन चालूच असे. प्रवासात लेखनिक शेजारी बसे. हिवाळ्यात त्याचे हात गारठून लिहिणे थांबू नये म्हणून त्याला हातमोजे दिलेले असत. एकदा वाचणाऱ्याने एक शब्द चुकीचा उच्चारला. जेवायला बसलेल्या एका मित्राने त्याला थांबवून तो पुन्हा वाचायला लावला. अर्थ कळला होता ना, मग एवढ्यासाठी दहा ओळींचे वाचन का बुडवले, असे प्लिनींनी त्या मित्रालाच ऐकवले. भाचा कुठे पायी निघाला, तर त्याचीही खैर नसे. पालखीत बसला असता तर तेवढ्या वेळात वाचन झाले असते, असे मामांचे म्हणणे असे!

अशा रीतीने जमलेल्या टिपणांच्या १६० वह्या, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांत भरलेल्या, त्यांनी मागे ठेवल्या. इ.स. ७७ मध्ये त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ सिद्ध झाला. निसर्गाचा इतिहास असे त्याचे नाव, आणि त्याचे भाग ३७. आकाशातील तारे, पृथ्वीवरील देश, प्राणी, झाडे, औषधे, धातू, रत्ने, चित्रकला, असे सारे काही त्यात आहे. सुमारे दोन हजार पुस्तके धुंडाळून वीस हजार गोष्टी गोळा केल्याचे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. आपल्या देशाचाही त्यात उल्लेख येतो. भारताच्या मालासाठी रोमन साम्राज्याचे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे तिथली नाणी, बाहेर जातात, अशी त्यांची तक्रार होती. मिरीसारखी नुसती तिखट वस्तू लोक सोन्याचांदीसारखी तोलून घेतात, याचे त्यांना नवल वाटे.

ग्रंथ मोठा असला तरी त्यात चुकाही आहेत. भारतात एका पायाची आणि कुत्र्याच्या तोंडाची माणसे राहतात, अशा ऐकीव गोष्टीही त्यांनी इतरांच्या पुस्तकांतून घेऊन लिहिल्या. पुस्तकात आहे ते सारेच खरे नसते, हेही त्यातून शिकण्यासारखे आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात प्लिनींनी जगातल्या जळणाऱ्या डोंगरांची माहिती दिली आहे. सिसिली बेटावरचा एटना तिथे आहे, दूरदूरच्या देशांतली नावे आहेत. पण मिसेनमहून आखातापलीकडे अवघ्या तीस किलोमीटरवर दिसणारा व्हेसुव्हियस त्या यादीत नाही. त्यांच्या दृष्टीने व्हेसुव्हियस म्हणजे द्राक्षांच्या मळ्यांनी भरलेला एक हिरवा डोंगर होता. इ.स. ६२ च्या सुमारास तिथे मोठा भूकंप झाला होता आणि पॉम्पेई शहराची पडझड झाली होती. डुलकी घेणाऱ्याने कूस बदलावी तसा तो प्रकार होता, पण भूकंप आणि ज्वालामुखी यांचे नाते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. गंमत म्हणजे मिसेनमचे भूशिर, ज्याच्या आडोशाला आरमार उभे असे, तेही एका जुन्या ज्वालामुखीचाच अवशेष आहे. म्हणजे प्लिनींच्या समोरही ज्वालामुखी होता आणि पायाखालीही!

इ.स. ७९ उजाडले. तारीख २४ ऑगस्ट, असे पूर्वीपासून सांगितले जाते. पण २०१८ साली पॉम्पेईत एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरच्या मध्यावरची तारीख सापडली. त्यामुळे ही घटना ऑक्टोबरच्या अखेरीस घडली असावी, असे आता बरेच अभ्यासक मानतात. दुपारी एकच्या सुमारास प्लिनी जेवण आटोपून आडवे होऊन वाचत होते. त्यांची बहीण आणि सतरा वर्षांचा भाचा त्यांच्याकडेच राहत होते. आकाशात विचित्र ढग दिसतो आहे, असे बहिणीने येऊन सांगितले. प्लिनींनी पायताण मागवले आणि उंचावर जाऊन पाहिले. तिकडे पाइनचे एक झाड असते. त्याचे खोड सरळ वर जाते आणि माथ्यावर फांद्या छत्रीसारख्या पसरतात. तो ढग हुबेहूब तसा होता.

हा ढग कसला होता, हे आज आपल्याला समजते. आफ्रिका खंड ज्या अवाढव्य भूपट्टावर आहे, तो युरोपकडे अतिशय हळू सरकतो आहे आणि इटलीच्या खाली भूपट्टाचा काही भाग खोल जातो आहे. त्याच्याबरोबर खाली गेलेले पाणी तिथल्या तप्त खडकांत मिसळते आणि खडक वितळू लागतो. या वितळलेल्या खडकाला शिलारस म्हणतात. शिलारस वर चढून डोंगराच्या पोटात साठत राहतो. त्यात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. सोड्याच्या बाटलीचे बूच घट्ट असते तोवर वायू दिसत नाही. बूच उडाले की फेस कसा उसळतो, ते आपण पाहिले आहे. व्हेसुव्हियसचे बूच त्या दुपारी उडाले. दाब एकदम कमी झाल्याने शिलारसातला वायू फुगला, सारा रस फेसाळला आणि फेसाच्या ठिकऱ्या उडत सुमारे तीस किलोमीटर उंच गेल्या. विमाने उडतात त्याच्या जवळजवळ तिप्पट ही उंची झाली!

सगळेच ज्वालामुखी असे फुटत नाहीत. रस पातळ असेल तर वायू सहज निसटून जातो आणि लाव्हा दुधासारखा शांतपणे उतू जातो. रसात सिलिका जास्त असली की तो गुळाच्या पाकासारखा चिकट होतो. मग वायू अडकून राहतो आणि शेवटी स्फोट होतो. व्हेसुव्हियसचा रस चिकट होता.

प्लिनींना यातले काहीच ठाऊक नव्हते. पण कुतूहल त्यांना स्वस्थ बसू देईना. जवळ जाऊन पाहावे म्हणून त्यांनी एक हलकी नाव तयार करायला सांगितली. येतोस का, असे भाच्यालाही विचारले. भाच्याला मामांनीच अभ्यास नेमून दिला होता, तो त्याने पुढे चालू ठेवणे पसंत केले. त्या नकाराने त्याचा जीव वाचला असेल.

निघता निघता रेक्टिना नावाच्या बाईंची चिठ्ठी आली. त्यांचे घर डोंगराच्या पायथ्याशी होते, जमिनीवरून सुटायला वाट नव्हती आणि समुद्राखेरीज दुसरा मार्ग उरला नव्हता. चिठ्ठी वाचली आणि प्लिनींचा सगळा बेत बदलला. हलकी नाव राहिली. त्यांनी आरमाराची मोठी वल्ह्यांची जहाजे बाहेर काढली आणि स्वतः एका जहाजावर चढले. एकट्या रेक्टिनासाठी नव्हे, त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या शेकडो लोकांसाठी ते निघाले. सगळे जण जिथून पळत होते, त्याच दिशेला त्यांनी सुकाणू धरायला लावले. जाताना ढगात दिसणारा प्रत्येक बदल ते लेखनिकाला सांगत होते आणि तो लिहून घेत होता.

जहाजांवर आता राख पडू लागली. जवळ जावे तशी ती अधिक गरम आणि दाट होत गेली. मग हलके, छिद्रांचे दगड पडू लागले आणि त्यांत आगीने तडकलेले काळे दगडही येऊ लागले. किनाऱ्याजवळ समुद्र अचानक उथळ झाला होता आणि डोंगरावरून आलेल्या ढिगाऱ्याने वाट अडली होती. सुकाणूवाल्याने मागे फिरण्याचा सल्ला दिला. प्लिनी क्षणभर थांबले, पण परत फिरले नाहीत. त्यांनी जहाज दक्षिणेला स्टाबिए गावाकडे वळवायला लावले. तिथे त्यांचे मित्र पोम्पोनियानस राहत होते. वारा तिकडेच वाहत असल्याने जहाज सहज पोहोचले, पण त्याच वाऱ्यामुळे तिथून निघणे मात्र अशक्य झाले.

मित्र घाबरलेला होता. त्याला धीर यावा म्हणून प्लिनींनी त्याला मिठी मारली, निवांत स्नान केले आणि हसतमुखाने जेवायला बसले. रात्री डोंगरावर ठिकठिकाणी ज्वाळा दिसू लागल्या, तेव्हा शेतकरी घाईत टाकून गेलेल्या शेकोट्या असतील, अशी त्यांनी सगळ्यांची समजूत घातली. मग ते खरोखरच झोपले. दाराबाहेरच्यांना त्यांचे घोरणे ऐकू येत होते. इकडे अंगणात राखेचा आणि दगडांचा थर इतका वाढला की आणखी थोड्या वेळात दार उघडले नसते. नोकरांनी त्यांना उठवले. घर भूकंपाने हलत होते, बाहेर दगड पडत होते. शेवटी डोक्यावर उशा ठेवून त्या कापडाने बांधल्या आणि सगळे किनाऱ्याकडे निघाले.

सकाळ झाली होती, पण तिथे मध्यरात्रीहून गडद काळोख होता. समुद्र खवळलेला, जहाज सोडणे शक्य नव्हते. प्लिनी अंथरलेल्या कापडावर आडवे झाले आणि त्यांनी दोन वेळा थंड पाणी मागून घेतले. तेवढ्यात ज्वाळा आणि गंधकाचा वास आला, लोक पळू लागले. दोन नोकरांच्या खांद्यावर हात टाकून ते उठले आणि तिथेच कोसळले. त्यांचा श्वास आधीपासूनच कमजोर होता. बरोबरची माणसे वाचली, त्यावरून त्यांचे हृदय किंवा फुप्फुसे त्या हवेत टिकली नाहीत, असे दिसते. वय पंचावन्नच्या घरात. पुन्हा उजेड झाला तेव्हा त्यांचा देह सापडला. अंगावर जखम नव्हती, झोपलेल्या माणसासारखे ते दिसत होते. रेक्टिनाबाईंचे पुढे काय झाले, हे भाच्याने पत्रात लिहिलेले नाही.

प्लिनी ज्या मदतीसाठी निघाले ती रेक्टिनापर्यंत पोहोचली नाही, मग त्यांच्या जाण्याचा उपयोग काय झाला, असे कुणी विचारील. आम्हांला वाटते, उत्तर भाच्याच्या दोन पत्रांत आहे. सुमारे पंचवीस वर्षांनी टॅसिटस या इतिहासकाराने त्याच्याकडे मामांच्या मृत्यूची हकिकत मागवली. मामांची शिस्त भाच्यात पूर्ण उतरली होती. ढगाचा आकार, राखेचा रंग, समुद्राचे मागे हटणे, भूकंपाचे धक्के, काळोख, हे सारे त्याने क्रमाने लिहिले. ज्वालामुखीच्या उद्रेकाचे इतके बारकाईने केलेले इतके जुने प्रत्यक्षदर्शी वर्णन दुसरे नाही. म्हणूनच उंच खांबासारखा ढग उभारणाऱ्या स्फोटाला शास्त्रज्ञ आजही प्लिनीय उद्रेक म्हणतात. १९९१ साली फिलिपिन्समधील पिनाटुबो असाच फुटला. पण तिथे शास्त्रज्ञांनी आधीच धोका ओळखला, हजारो लोकांना वेळेत हलवले आणि त्यांचे प्राण वाचले. खुद्द व्हेसुव्हियसवर १८४१ साली जगातली पहिली ज्वालामुखी वेधशाळा स्थापन झाली. त्या डोंगराचा शेवटचा उद्रेक १९४४ मध्ये झाला. त्याच्या आसपास लाखो लोक राहत असल्याने आज त्याच्यावर रात्रंदिवस नजर ठेवली जाते. समोरचा डोंगर आता यादीबाहेर राहिलेला नाही.

ज्वालामुखीतून बाहेर येणाऱ्या पदार्थांची ओळखही व्हेसुव्हियसने करून दिली. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक कणांना राख म्हणतात. मात्र ही चुलीतली राख नव्हे, ही खडकाची आणि काचेची अणकुचीदार पूड असते, म्हणून ती फुप्फुसांना घातक ठरते. त्याहून मोठे, ६४ मिलिमीटरपर्यंतचे खडे ते लॅपिली. त्याहून मोठे ते गोळे किंवा धोंडे. फेस गोठून झालेला दगड म्हणजे प्युमिस. तो इतका हलका असतो की पाण्यावर तरंगतो आणि टाचा घासायला वापरतात. पॉम्पेईवर आधी असाच पांढरा आणि मग करडा प्युमिस सुमारे अडीच मीटर साचला, त्याच्या भाराने छपरे कोसळली. ढगाचा खांब आपल्याच वजनाने ढासळला, तेव्हा तप्त वायू आणि राखेचे लोट जमिनीवरून धावत सुटले. त्यांनी हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई ही दोन्ही गावे गाडून टाकली. सर्वाधिक बळी या लोटांनीच घेतले. पण हीच राख उपयोगीही पडते. त्याच आखातातील पुत्योली गावची ज्वालामुखीची माती चुन्यात मिसळून रोमन लोक समुद्रात धक्के बांधत. पाण्यात बुडाली की ती दगडासारखी घट्ट होते, हे खुद्द प्लिनींनी आपल्या ग्रंथात नोंदवले आहे.

आता आपल्या पावागडकडे परत येऊ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथून सह्याद्रीपर्यंत आणि पलीकडे माळव्यापर्यंत जमिनीच्या भेगांतून पातळ लाव्हा थरांवर थर पसरत गेला. तो थंड होऊन बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, तयार झाला. अजिंठा-वेरूळची लेणी त्यातच कोरली आहेत. पावागडच्या पायथ्याचे थर अशाच बेसाल्टचे आहेत, पण माथ्याकडे रायोलाइट नावाचा, चिकट रसापासून बनलेला खडक आढळतो. लाव्हाचे शांत आणि अशांत असे दोन्ही स्वभाव एकाच डोंगरात पाहायला मिळतात.

आणखी एक धागा आहे. १९३८ साली पॉम्पेईच्या राखेखाली हस्तिदंताची एक छोटी भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ती सुमारे २५ सेंटिमीटर उंच असून आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सापडलेल्या मूर्तींशी तिचे बरेच साम्य आहे. त्या काळी पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून आपल्या शेजारच्या भडोच बंदरात येई आणि जहाजांत चढे. ती मूर्ती याच वाटेने गेली असेल, तर तिची गाडी बडोद्यापासून फार लांबून गेली नसणार. प्लिनींनी ज्या व्यापाराबद्दल कुरकूर केली, त्यातलीच एक वस्तू त्यांच्यावर कोसळलेल्या राखेने आपल्यासाठी जपून ठेवली!

मित्रहो, प्लिनींसारखे दिवसरात्र वाचन आपल्या हातून होईल न होईल. पण वाचता वाचता मान वर करून खिडकीबाहेर पाहणे आणि कुणाची हाक आली तर हातातले पुस्तक मिटून उठणे, एवढे तर नक्की जमेल. पुढच्या सहलीला पावागडावर टेकाल तेव्हा खालचा दगड जरा हात लावून पाहा. पायथ्याचा आणि माथ्याचा दगड यांत काय फरक दिसला, ते आम्हांला लिहून कळवा. चांगली टिपणे पुढच्या अंकात आनंदाने छापू.